विजेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर: इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून मोरचुदाच्या भांड्यापर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विजेचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर होते म्हणजे नेमके काय होते?

विजेच्या जोरावर एका पदार्थाचा दुसरा पदार्थ बनतो. हा नवा पदार्थ मूळ पदार्थापेक्षा जास्त ऊर्जा धरून असतो. वीज नसती तर हा बदल आपणहून झाला नसता. घरातली सर्वांत जवळची उदाहरणे म्हणजे चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि इन्व्हर्टरची बॅटरी. घराबाहेर पाहिले तर सोन्याचे पाणी दिलेले दागिने, ॲल्युमिनियमची भांडी, तांब्याच्या तारा आणि कॉस्टिक सोडा या सगळ्यांमागे हीच क्रिया आहे.

मग चार्जिंग करताना बॅटरीत वीज भरली जात नाही का?

नाही. टाकीत पाणी भरावे तशी वीज बॅटरीत साठत नाही. एका टोकातून जेवढा विद्युतप्रभार आत जातो, तेवढाच दुसऱ्या टोकातून बाहेर पडतो. आत बदलतात ते पदार्थ. ही एक गोष्ट नीट समजली की बॅटरीची बहुतेक दुखणी आपोआप उलगडतात: पाणी का घालायचे, बॅटरी उतरलेली का ठेवायची नाही, खोलीत हवा का खेळती हवी.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत चार्जिंगच्या वेळी कोणते पदार्थ बदलतात?

ही शिसे आणि आम्ल यांची बॅटरी. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी ती १८५९ मध्ये बनवली. मूळ रसायन आजही तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात. लाइट गेल्यावर बॅटरी वापरली जाते, तेव्हा ऋण प्लेटवरचे शिसे आणि धन प्लेटवरचा शिशाचा डायऑक्साइड हे दोन्ही गंधकाम्लाशी संयोग पावून लेड सल्फेट होतात. आम्ल खर्च होते, पाणी तयार होते. चार्जिंगमध्ये हे सगळे उलट फिरते: एका प्लेटवर सल्फेटचे पुन्हा शिसे, दुसऱ्या प्लेटवर डायऑक्साइड, आणि द्रावणात आम्ल परत.

हा बदल किती मोठा असतो याची सहसा कल्पना नसते. एका कप्प्यातून १ अँपिअर-तास वीज (म्हणजे १ अँपिअरचा प्रवाह तासभर) गेली की ऋण प्लेटवरच्या ३.८७ ग्रॅम शिशाचे रूप बदलते. म्हणजे १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून तुम्ही १०० अँपिअर-तास वापरलेत, तर सहा कप्प्यांत मिळून फक्त ऋण प्लेटांवरचे सुमारे २.३ किलो शिसे सल्फेट झालेले असते. लाइट आल्यावर चार्जर तेवढ्या सल्फेटचे पुन्हा शिसे करतो. हे काम तासाभरात उरकत नाही. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण १५ अँपिअरचा, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, प्रवाह योग्य. त्या हिशेबाने पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला १० ते १२ तास लागतात.

बॅटरीतले पाणी कमी का होते? बाष्पीभवनाने?

थोडेसे बाष्पीभवनाने, पण मुख्य कारण वेगळे आहे. प्लेटांवरचे सल्फेट संपत आले की विजेला तिथे करण्यासारखे काम उरत नाही. मग ती पाण्याचेच विघटन करू लागते. ऋण प्लेटवर हायड्रोजन आणि धन प्लेटवर ऑक्सिजन सुटतो. दर कप्प्याला सुमारे २.४ व्होल्ट, म्हणजे पूर्ण बॅटरीला १४.४ व्होल्टच्या आसपास, बुडबुडे जोरात येऊ लागतात.

हिशेब सोपा आहे. गरजेपेक्षा जास्त गेलेल्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका कप्प्यातले ०.३३६ ग्रॅम पाणी जाते. सहा कप्प्यांचे मिळून २ ग्रॅम. जुनी बॅटरी पूर्ण भरल्यावरही अर्धा अँपिअर घेत राहिली, तर दिवसाला २४ ग्रॅम आणि महिन्याला जवळपास पाऊण लिटर पाणी उडते. दर महिन्याला पाणी मागणारी बॅटरी म्हणूनच संशयास्पद समजावी: एक तर ती म्हातारी झाली आहे, नाही तर चार्जरचा व्होल्टेज जास्त आहे. पूर्ण भरल्यानंतर चार्जर १३.५ ते १३.८ व्होल्टवर उतरतो का, हे मल्टिमीटरने आधी तपासा.

कोणते पाणी घालायचे, आणि कधी?

फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्लोराइड आणि लोह प्लेटांना लागतात आणि बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढवतात. आरओच्या पाण्यातही क्षार थोडे उरतातच, म्हणून तेही नको. आम्ल तर मुळीच घालू नका. आम्ल उडून जात नाही, जाते ते पाणी. वरून आम्ल ओतले तर द्रावण गरजेपेक्षा तीव्र होते आणि प्लेटा कुजतात.

पाणी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर घाला. चार्जिंगमध्ये पातळी थोडी वर येते, त्यामुळे उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ भरलेले पाणी नंतर आम्लासकट बाहेर सांडते. पातळी इतकी खाली गेली असेल की प्लेटा उघड्या पडल्या आहेत, तर मात्र आधी प्लेटा बुडतील इतपतच घाला, चार्ज करा आणि मग खुणेपर्यंत भरा. ट्यूब्युलर बॅटरीवरच्या तरंगत्या दांडीची हिरवी खूण दिसली की थांबायचे.

बॅटरी खरोखर चार्ज झाली हे कसे ओळखावे?

इन्व्हर्टरवरचा दिवा अंदाज सांगतो. खरी गोष्ट आम्लाला माहीत असते, आणि ती हायड्रोमीटर, म्हणजे द्रावणाची घनता मोजणारे उपकरण, वाचते. चार्ज झाल्यावर आम्ल द्रावणात परतलेले असते, त्यामुळे घनता वाढते (शुद्ध पाण्याची घनता १००० धरून). बहुतेक ट्यूब्युलर बॅटऱ्यांत पूर्ण चार्जला २७ अंश तापमानात १२४० च्या आसपास, गाडीच्या बॅटरीत १२५० ते १२८० वाचन येते. तुमच्या बॅटरीचा नेमका आकडा लेबलवर असतो, तोच प्रमाण माना. पाणी घातल्यावर लगेच मोजू नका. पाणी वरच तरंगत असते आणि वाचन खोटे कमी येते. निदान एक पूर्ण चार्जिंग होऊ द्या.

सहाही कप्पे मोजा. पाच कप्पे १२३५ आणि एक ११८० असेल, तर तो एक कप्पा जायला लागला आहे. ५० अंकांहून जास्त फरक ही वाईट खूण. अशा वेळी सगळ्या बॅटरीला जास्त चार्ज देत राहिलात तर चांगले पाच कप्पेही पाणी गमावून बसतात.

हायड्रोमीटर नसेल तर चार्जर आणि भार दोन्ही बंद करून चार-पाच तासांनी व्होल्टेज मोजा. १२.५ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे उतरलेली. चार्जिंग चालू असताना दिसणारा १३.८ किंवा १४.४ हा आकडा चार्जरचा असतो, बॅटरीचा नव्हे.

बॅटरी बंद कपाटात ठेवली तर चालेल का? जिन्याखाली जागा आहे.

जिन्याखाली चालेल, बंद कपाटात नाही. शेवटच्या टप्प्यात ५ अँपिअर प्रवाह नुसता पाण्याच्या विघटनात जात असेल, तर सहा कप्प्यांतून तासाला साधारण १४ लिटर हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. घट्ट बंद अशा २०० लिटरच्या कपाटात ती पातळी अर्ध्या-पाऊण तासात गाठली जाते. उघड्या जागेत मात्र हायड्रोजन इतका हलका असतो की झटकन वर जाऊन विरतो. कपाटच वापरायचे असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे जाळी हवी. बॅटरीजवळ समई, उदबत्ती, गॅसची शेगडी नको. टर्मिनल काढण्याआधी चार्जर बंद करा आणि थोडा वेळ जाऊ द्या, कारण वायर सुटताना ठिणगी पडतेच.

सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड. बॅटरी अति तापल्याची किंवा कप्पा शॉर्ट झाल्याची ती खूण आहे. मेन स्विच बंद करा, खिडक्या उघडा, बॅटरी थंड होईपर्यंत हात लावू नका.

तीन महिने घर बंद राहणार आहे. बॅटरीचे काय करू?

उतरलेली ठेवून जाऊ नका, ही पहिली गोष्ट. ताजे लेड सल्फेट बारीक कणांचे असते आणि विजेने सहज उलटते. आठवडे गेले की त्याचे मोठे, कडक स्फटिक बनतात. त्यांच्यापर्यंत प्रवाह नीट पोहोचत नाही आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच आपण बॅटरी ‘बसली’ म्हणतो. नंतर कितीही तास चार्जिंगला लावा, बॅटरी लवकर भरल्यासारखी दाखवते आणि पाच मिनिटांत उतरते.

महिन्याभरासाठी जात असाल तर पाणी भरून मेन चालू ठेवा. त्याहून जास्त दिवसांसाठी पूर्ण चार्ज करून बॅटरीच्या वायरी काढा. एवढ्यानेही ती हळूहळू उतरते, उन्हाळ्यात अधिक वेगाने. म्हणून दोन-तीन महिन्यांनी शेजाऱ्यांकडून एकदा चार्ज करून घ्या. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड कोमट पाण्यात सोडा घालून धुवा, सुकवा आणि व्हॅसलीन लावा. धुताना झाकणे घट्ट असू द्या. सोडा आत गेला तर आम्ल मरते.

एका चार्जिंगला किती युनिट वीज जाते?

१५० अँपिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १.८ युनिट. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला मात्र मीटरवर सव्वादोन ते अडीच युनिट पडतात. उरलेली वीज चार्जरच्या उष्णतेत, बॅटरीच्या उष्णतेत आणि पाण्याच्या विघटनात जाते. मोबाइलचे सांगायचे तर ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात. चार्जरची घट धरूनही एका युनिटमध्ये चाळीसेक वेळा फोन भरतो. बिल वाढण्याचे कारण तिथे शोधू नका.

मोबाइल ८० टक्क्यांनंतर हळू का चार्ज होतो?

लिथियम-आयन बॅटरीत शिशासारखी रासायनिक उलथापालथ नसते. चार्जिंगमध्ये लिथियमचे आयन धन बाजूच्या ऑक्साइडमधून निघतात, द्रावण ओलांडतात आणि ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. एसटीत सुरुवातीला चढणाऱ्याला कुठेही जागा मिळते, शेवटच्याला शोधत मागे जावे लागते, तसेच इथे होते. जागा नसताना जोर केला तर लिथियम थरांत न शिरता ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचते. ते लिथियम बरेचसे वाया जाते, आणि त्याचे काटे वाढून आतला पडदा भेदला तर बॅटरी पेटू शकते. म्हणून चार्जर आधी ठरावीक प्रवाह देतो, आणि सेल ४.२ व्होल्टच्या आसपास पोहोचला की व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह कमी करत नेतो. ही बॅटरी घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

थंडीतही हाच धोका असतो. शून्य अंशाखाली आयनांना थरांत शिरायला वेळ लागतो. लेह-लडाखला नेलेला फोन उबेला आणून मगच चार्ज करा. आपल्याकडे खरा शत्रू उष्णता. उशीखाली किंवा उन्हात डॅशबोर्डवर चार्जिंग करू नका. ई-स्कूटर लांबून आल्या आल्या लगेच लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. बॅटरी फुगली असेल तर आत वायू साठला आहे: टोचू नका, दाबू नका, चार्ज तर मुळीच करू नका.

घड्याळातला साधा सेल चार्ज करता येतो का?

नाही. त्यात जस्त वापरले जाते आणि होणारे पदार्थ नीट उलटत नाहीत. उलट प्रवाह दिला तर वायू साठून सेल गळतो किंवा फुटतो. ज्या सेलवर पुन्हा चार्ज करता येईल असे लिहिले आहे, तोच चार्ज करा.

घरी किंवा शाळेत तांब्याचा मुलामा देऊन दाखवायचा आहे. कसा द्यावा?

या विषयासाठी याहून चांगला प्रयोग नाही. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, कृषी सेवा केंद्रात मिळते. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीनाशक फवारणीसाठी) वापरतात तेच. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घाला, काचेचे भांडे घ्या आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १०० ग्रॅम मोरचूद विरघळवा. पितळी किल्ली बारीक पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुवा आणि नंतर बोट लावू नका. किल्लीवर ओतलेले पाणी अखंड पसरले तर ती स्वच्छ, थेंब थेंब झाले तर अजून तेलकट. तांब्याची पट्टी सेलच्या धन टोकाला आणि किल्ली ऋण टोकाला जोडा. दोन्ही एकमेकांपासून ४-५ सेंटिमीटरवर बुडवा. दीड व्होल्टचा एक सेल पुरे. किल्लीच्या दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह असावा. १५ चौरस सेंटिमीटरच्या किल्लीला १५० मिलिअँपिअर अर्धा तास दिले तर सुमारे ०.०९ ग्रॅम तांबे बसते. थर होतो सहा-सात मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

हा आकडा फॅरेडे यांच्या नियमातून येतो: १ अँपिअर-तासाला १.१८५ ग्रॅम तांबे, चांदी असेल तर ४.०२५ ग्रॅम. शाळेतला नाजूक तराजू असेल तर प्रयोगाआधी आणि नंतर किल्ली वजन करून बघाच. मग मुलांना नियम पाठ करावा लागत नाही.

थर काळा आणि भुकटीसारखा आला तर प्रवाह जास्त झाला. घाईत नऊ व्होल्टची बॅटरी लावली की हमखास असे होते. थर सोलून निघाला तर किल्ली तेलकट होती. एकाच बाजूला जाड झाला तर किल्ली मधून मधून फिरवा. द्रावण खराब होत नाही, कारण किल्लीवर जाणारे तांबे पट्टीतून भरून निघते. बाटलीवर नाव लिहून मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. गटारात ओतू नका, तांबे माशांना घातक असते.

लोखंडी खिळा मोरचुदात नुसता बुडवला तरी लाल होतो. मग वीज कशाला?

तिथे विजेचे काहीच काम नाही. लोखंड स्वतः विरघळते आणि तांब्याला बाहेर ढकलते. ती क्रिया आपणहून होणारी, आपली विजेच्या जोरावर होणारी. तो थर बोटाने पुसला जातो. म्हणूनच वरच्या प्रयोगात लोखंड घ्यायचे नाही.

कल्हई आणि पत्र्यावरचे जस्त हीसुद्धा याचीच उदाहरणे का?

नाहीत. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराने साफ करतो आणि वितळलेले कथील फिरवतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा बहुधा वितळलेल्या जस्तात बुडवलेला असतो. दोन्हीकडे काम उष्णतेचे. सोन्याचे पाणी आणि नळाचे क्रोमियम मात्र विजेचे. ही कामे घरी करू नका. सोन्याच्या द्रावणात सायनाइड असते, आणि क्रोमियमच्या कारखान्यातल्या पिवळ्या-केशरी द्रावणामुळे कर्करोग होऊ शकतो.

वॉटर प्युरिफायर विकणाऱ्याने आमच्या नळाच्या पाण्यात दांड्या घालून पाणी तपकिरी करून दाखवले. इतकी घाण असते?

ती घाण पाण्यातली नव्हे, दांडीतली. त्या उपकरणात लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची दांडी असते. विजेने लोखंड विरघळते आणि त्याचे हायड्रॉक्साइड तपकिरी-हिरवे दिसते. नळाच्या पाण्यातले साधे क्षार प्रवाह वाहू देतात, आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून प्रवाह नगण्य आणि रंगही नाही. पडताळायचे असेल तर त्या ‘शुद्ध’ पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा दांड्या घालायला सांगा. तेही तपकिरी होईल. पाणी खरेच तपासायचे असेल तर प्रयोगशाळेत जंतूंची आणि नायट्रेटची तपासणी करून घ्या. दांड्या त्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

पाण्याच्या विघटनाच्या प्रयोगात मीठ घालावे का?

घालू नका. मिठाच्या पाण्यात धन टोकाला क्लोरिन सुटतो. बंद खोलीत तो घसा आणि फुप्फुसे जाळतो. (कारखान्यांत मुद्दाम हेच करून क्लोरिन आणि कॉस्टिक सोडा मिळवतात. साबण आणि पीव्हीसी पाइप तिथूनच सुरू होतात.) घरी एक ग्लास पाण्यात चमचाभर खायचा सोडा, दोन टोकांना शिसपेन्सिलीच्या कांड्या आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढे पुरे. ऋण टोकाला दुप्पट वायू दिसेल, तो हायड्रोजन. स्टीलचे चमचे धन टोकाला लावू नका, त्यातले क्रोमियम द्रावणात उतरते. घरातल्या सॉकेटची वीज कधीही वापरू नका.

मग गाडीतच पाण्याचा हायड्रोजन करून पेट्रोल वाचवता येईल?

नाही. १ किलो हायड्रोजन करायला प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट लागतात आणि जाळल्यावर त्यातले सुमारे ३३ युनिटच वापरण्याजोगे परत मिळतात. त्यातलाही मोठा भाग इंजिन उष्णतेत घालवते. गाडीतली वीज पेट्रोलमधूनच येते, त्यामुळे हा व्यवहार तोट्याचाच राहतो.

ॲल्युमिनियमचे भांडे आणि वीज यांचा काय संबंध?

बॉक्साइटपासून मिळालेला ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) सुमारे ९६० अंशांच्या वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात विरघळवून विजेने फोडतात. ही रीत १८८६ ची, हॉल आणि एरू यांची. एक किलो धातूला १३ ते १५ युनिट वीज लागते. जुना कुकर भंगारात दिला आणि तो वितळवून पुन्हा वापरला, तर त्यातली सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, कारण रासायनिक काम आधीच झालेले असते.

काळपट हार्ड ॲनोडाइज्ड कढईत आणखी एक पायरी असते. कढईच धन टोकाला जोडून आम्लात बुडवतात आणि तिच्याच धातूपासून ऑक्साइडचा कठीण थर उगवतो. तो रंगासारखा सोलत नाही, पण आम्ल आणि अल्कली दोन्हींत विरघळतो. डिशवॉशरची पावडर किंवा धुण्याचा सोडा लावून रात्रभर भिजवलेली कढई म्हणूनच पांढरट होते. मऊ घासणी आणि भांड्यांचा साधा साबण वापरा.

परीक्षेत धनाग्र आणि ऋणाग्र यांत गोंधळ होतो.

जिथे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन जाणे) ते धनाग्र, जिथे क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणे) ते ऋणाग्र. चार्जिंग, मुलामा, पाण्याचे विघटन या सगळ्यांत धनाग्र बाहेरच्या पुरवठ्याच्या धन टोकाला असते, म्हणून नाव जुळते. बॅटरी वापरात असताना मात्र तिच्या धन टोकावर क्षपण होते. नाव टोकावरून नव्हे, क्रियेवरून ठरवा. मोबाइल वापरणे, गीझर, बल्ब, झाडाचे प्रकाशसंश्लेषण आणि कपॅसिटर ही या रूपांतराची उदाहरणे म्हणून लिहू नका. कपॅसिटरमध्ये ऊर्जा विद्युतक्षेत्रात साठते, पदार्थ बदलत नाही.

बॅटरीचे आम्ल सांडले तर?

फरशीवर खायचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत टाकत राहा, मग भरपूर पाण्याने धुवा. त्वचेवर उडाले तर सोडा चोळू नका, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरा. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी सोडा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. कपड्यांवर उडालेले थेंब त्या वेळी दिसत नाहीत, पुढच्या धुण्यात भोके पडतात. म्हणून बॅटरीत पाणी घालताना जुने कपडे आणि चष्मा घाला.